गावतळ्याची राखण: जैवविविधता समितीच्या हातात नेमकं काय आहे?

प्रश्न पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. यंदा त्यांना ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत घेतलं. गावाबाहेर १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर झालेला पाझर तलाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला गायरान आहे. तलावाच्या एका काठाला मुरूम पडायला लागलाय, मासेमारीच्या ठेक्याची मुदत संपत आलीय, उन्हाळ्यात गाळ काढायला पोकलेन येणार म्हणतात आणि गायरानावर सोलर बसवायचं बोलणं चालू आहे. यातलं काही समितीला थांबवता येतं का, आणि सुरुवात कुठून करावी, असं त्या विचारतात.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. ट्रॅक्टर अडवायचा, दंड करायचा, अतिक्रमण काढायचा अधिकार तुमच्या समितीला नाही. ज्यांना तो आहे त्यांच्यापुढे टाळता येणार नाही असं प्रकरण उभं करायचं, हे तुमचं काम. ते नीट केलं तर तळं वाचतं. खानदेशात जी तळी वाचली आहेत ती बहुतेक अशीच वाचली आहेत.

समिती येते ती २००२ च्या जैविक विविधता कायद्यातून. कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेनं ती नेमायचीच आहे. जैवविविधतेचं संवर्धन, जपून वापर आणि नोंदी ही तिची कामं. २००४ च्या केंद्रीय नियमांत एक अध्यक्ष, जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे, अशी रचना होती. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये केंद्राचे नवे नियम आले. म्हणून तुमची नेमणूक कोणत्या आदेशाखाली, कोणत्या ठरावानं झाली, याची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून आधी घ्या. उद्या समोरचा माणूस पहिला आक्षेप तिथेच घेतो. गावातली जैविक संपदा व्यापारासाठी नेणाऱ्याकडून शुल्क घेता येतं, आणि अशा वापराबाबत निर्णय घेताना राज्य जैवविविधता मंडळानं समितीचा सल्ला घ्यायचा असतो. कायद्यानं दिलेलं साधारण एवढंच.

तुम्ही लिहिलंय की समिती आजवर एकदाही बसल्याचं कुणाला आठवत नाही. याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं सगळ्या राज्यांना सांगितलं की ३१ जानेवारी २०२० पर्यंत गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या (गावातली झाडं, प्राणी, पाणथळी आणि लोकांचा त्यांचा वापर लिहायची वही) पूर्ण करा, नाहीतर १ फेब्रुवारीपासून महिन्याला १० लाख रुपये भरा. हेतू चांगला होता, पण मुदत गाठायच्या घाईत समित्या कागदावर बसल्या आणि नोंदवह्या संस्थांकडून भरून घेतल्या गेल्या. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव आणि गिरणाकाठचं गाव, दोन्हींच्या वहीत झाडांची तीच यादी त्याच क्रमानं लिहिलेली मी पाहिली आहे. तुमच्या गावची वही ग्रामपंचायतीत असेल. ती काढा आणि तलावाचं पान उघडा. तिथे 'पाणथळ जागा: एक' एवढंच असेल तर तुमचं पहिलं काम तुम्हाला सापडलं. ही वही वेळोवेळी सुधारायची असते, एकदा भरून कपाटात ठेवायची नसते. ग्रामसभेच्या मान्यतेनं तिच्यात घातलेली तारीखवार नोंद पुढे तहसीलदारांपासून न्यायाधिकरणापर्यंत दाखवता येते.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरं भांडण तिथेच आहे.

पाझर तलाव कुणाचा? गाव म्हणतं आमचा, ग्रामपंचायत म्हणते जिल्हा परिषदेचा, जिल्हा परिषद म्हणते नोंद बघावी लागेल. साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव आणि बंधारे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, त्याच्या पुढे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे असतात. तुमचा तलाव बहुधा पहिल्या गटातला असेल. पण बांधकाम एकाचं आणि बुडीत जमीन भलत्याच्याच नावावर, हे आपल्याकडे फार आहे. ७२ सालच्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर तळी घाईघाईनं झाली. लोकांच्या हाताला काम हवं होतं, भूसंपादनाचे कागद मागून करू म्हणून राहिले. कित्येक ठिकाणी मोबदला दिला गेला पण फेरफार झाला नाही, त्यामुळे सातबाऱ्यावर आजही जुन्या खातेदाराच्या वारसांची नावं आहेत. पन्नास वर्षांनी नातू उतारा घेऊन येतो आणि म्हणतो, हे माझं वावर आहे. कागदावर तो खोटं बोलत नसतो.

म्हणून तक्रार लिहायच्या आधी बुडीत क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा. गाव नकाशा काढा. तलाठी आप्पांकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय) निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आहे का ते विचारा. गुरांना पाणी पाजायचा, वाटेचा, गाळ-माती नेण्याचा गावाचा हक्क महसूल संहितेखालच्या या दोन कागदांत लिहिलेला असतो आणि ते सहसा कुणी मागत नाही. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही, तीही बघा. नाव तिथे आधीच चढलं असेल तर महसूलला ठाऊक आहे असा त्याचा अर्थ, आणि मग तुमच्या अर्जाचा सूर बदलतो. लघुपाटबंधारे विभागाकडून तलावाचा मूळ आराखडा माहिती अधिकारात मागा. त्यात पूर्ण संचय पातळी (तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर चढतं ती) आणि बुडीत क्षेत्राची रेषा असते. तलावाची हद्द म्हणजे ही रेषा. मार्चमध्ये पाणी जिथवर दिसतं ती हद्द धरू नका.

हा फरक मी ठासून सांगतो, कारण काठ गिळणारा माणूस नेमका त्याच फरकावर जगतो. काठ कसा जातो ते जवळून बघितलं तर क्रम ठरलेला दिसतो. पाणी उतरलं की आधी काठची बेशरम (पाण्याकाठी माजणारं झुडूप) तोडली जाते. गावाला ते सफाईच वाटतं, कुणी बोलत नाही. मग उघड्या पडलेल्या गाळात एखादं वर्ष हरभरा किंवा टरबूज. गाळपेर आहे, पाणी आलं की बुडेल, म्हणून तेही चालतं. पुढच्या उन्हाळ्यात मुरमाच्या चार ट्रॉल्या, का तर बैलगाडीला वाट हवी. वाट झाली की तिच्या आतल्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, हातभर उंच बांध. त्या पावसाळ्यात पाणी बांधाशी थांबतं आणि आतली जमीन कोरडी राहते. आता तिथे मका उभा राहतो. मग पत्र्याचं शेड, शेडला वीज मीटर, मीटरच्या बिलावर नाव आणि पत्ता. या टप्प्याला आलेलं अतिक्रमण काढायला वर्षं लागतात. बेशरम तोडल्यापासून ट्रॉल्या पडेपर्यंतच्या काळात मात्र एक पंचनामा पुरतो. तुमच्याकडे आत्ता ट्रॉल्यांचा टप्पा चालू आहे. वेळ आहे, पण फार नाही.

या टप्प्यावर मी मुरमालाच धरतो. मुरूम हे गौण खनिज आहे. तो खोदायला परवानगी लागते, वाहून न्यायला परवाना लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि कलम ४८(८) खाली वाहन जप्त होतं. तुमच्या काठावर पडलेला मुरूम कुठून आला ते शोधा. फार वेळा तो वरच्या गायरानातूनच उचललेला असतो. 'तळ्याचं पर्यावरण बिघडतंय' या अर्जापेक्षा 'गायरानातून विनापरवाना मुरूम उचलून शासकीय तलावात टाकला जातोय, खड्ड्याचे आणि ढिगाचे फोटो सोबत' हा अर्ज तहसील कार्यालयात लवकर हलतो.

अतिक्रमणाच्या मूळ प्रश्नाला तीन वाटा आहेत आणि जमिनीच्या नोंदीवरून वाट ठरते. जमीन सरकारी असेल तर महसूल संहितेचं कलम ५०, अर्ज तहसीलदारांकडे. ग्रामपंचायतीकडे निहित झालेली खुली जागा असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३, तिथे पंचायतीलाच काढायचा अधिकार आहे, आणि पंचायत हलली नाही तर जिल्हाधिकारी काढू शकतात. सातबारा खाजगी नावावर असेल तर भांडत बसू नका. लघुपाटबंधारे विभागाला संपादनाचे जुने कागद शोधून फेरफार करायला लावा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय बाकी सगळं हवेत राहतं. दरम्यान त्या भरावानं नाला अडून वरच्या शेतात पाणी तुंबत असेल तर ज्याचं शेत बुडतं त्यानं मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावावा. नैसर्गिक प्रवाहाचा अडथळा काढायचा आदेश तिथे मिळतो. दावा मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो. समितीला तो लावता येत नाही, नुकसान झालेल्या शेतकऱ्यालाच लावावा लागतो. असा शेतकरी शोधा, त्याच्यासोबत तहसीलला जा.

अर्जात सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २८ जानेवारी २०११ च्या निकालाचा उल्लेख जरूर करा. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावाचं तळं भरून लोकांनी घरं बांधली होती. न्यायालयानं ती हटवायला सांगितली, आणि गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायची योजना करा, असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. महाराष्ट्रानं त्यावर १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला. तुमच्या तहसील कार्यालयाला दोन्ही माहीत असतात, तरी तारखेसह लिहिलं की फाईलवर शेरा मारावाच लागतो. अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत सदस्य असेल, किंवा त्याच्या घरात सदस्य असेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४(१)(ज-३) आहे, त्यानं सदस्यपद जातं. हे कलम राजकारणासाठी वापरणारे बरेच आहेत. तुम्ही ते धमकी म्हणून वापरू नका, पण तसा प्रकार असेल तर त्या सदस्याला आधी घरी जाऊन शांतपणे सांगा. निम्म्या वेळा मुरूम तिथेच थांबतो.

तुम्ही पाणथळ नियमांबद्दल विचारलंय आणि तिथे तुमची आशा जास्त दिसते. २०१७ चे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम चांगले आहेत. अधिसूचित पाणथळीत भराव, अतिक्रमण, कचरा, सांडपाणी, नवे उद्योग यांना बंदी आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला बंदी आहे. पण ते लागू होतात रामसर यादीतल्या (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी) आणि सरकारनं अधिसूचित केलेल्या जागांना. शिवाय व्याख्येतूनच नदीपात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव आणि सिंचन, मत्स्यपालन, मीठ, मनोरंजन यांसाठी मुद्दाम केलेली बांधकामं वगळली आहेत. खानदेशातली बहुतेक तळी यातच येतात. उपग्रहावरून केलेल्या राष्ट्रीय यादीतल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या, २,०१,५०३ पाणथळींना सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये संरक्षण दिलं, आणि ११ डिसेंबर २०२४ ला नव्या यादीतल्या २,३१,१९५ जागांची प्रत्यक्ष पाहणी करून हद्दी ठरवायला सांगितलं. तुमचं तळं साडेपाच एकरांहून मोठं असेल तर ते या यादीत आहे का, पाहणीत त्याची नोंद कशी झाली, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा. उत्तर अनुकूल आलं तर मोठी मदत होईल. पण सुरुवात इथून करू नका. 'हा सिंचन तलाव आहे, नियम लागू नाहीत' अशी एक ओळ आली की पुढचे सहा महिने त्याच वादात जातात आणि काठावर मका उभा राहतो.

माणसानं बांधलेलं म्हणून निसर्गाच्या लेखी कमी, असं मात्र कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. नांदूर मध्यमेश्वर हा गोदावरीवरचा बंधारा, आणि तोच महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. आपलं हतनूर १९८२ चं, ४१ दरवाज्यांचं, तापी-पूर्णेच्या पाण्याचं. सिंचनासाठी बांधलं, आणि हिवाळ्यात तिथे चक्रवाक, तलवार बदकं, थापट्या उतरतात ते बघायला लांबून लोक येतात. हतनूर इतका पक्ष्यांचा झाला त्यात गाळानं उथळ झालेल्या फुगवट्याचाही हात आहे. धरणाच्या दृष्टीनं जो गाळ त्रास, तोच चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्याचं ताट.

यावरून तुमच्या पोकलेनकडे येतो. गाळ काढायला विरोध करू नका. तळं भरत आलं की पाझर कमी होतो, विहिरी आटतात, आणि गाळ शेतात गेला तर शेतकऱ्याचं भलंच आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात फक्त गाळ काढायचा असतो, वाळू काढायला मनाई आहे. विरोध करायचा तो काढायच्या पद्धतीला. पोकलेनवाल्याला घनमीटरवर पैसे मिळतात, त्यामुळे तो एकाच जागी खोल खणतो आणि काठ भिंतीसारखा उभा कापतो. अशा तळ्यात गुरांना उतरता येत नाही, पोरं बुडतात, आणि घोट्याएवढ्या पाण्यात चरणाऱ्या शेकाट्याला, तुतारीला उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी ग्रामसभेत अटी घालून घ्या. एका बाजूचा काठ, शक्यतो नाला जिथून आत येतो ती बाजू, हात न लावता सोडायची. तिथला लव्हाळा आणि पाणकणीस येणारी माती गाळून घेतात, ती काढली तर तळं गाळानं पुन्हा लवकर भरतं. बाकी काठाला उतार ठेवायचा. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पायथ्याशी खणायचं नाही. किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून लेखी घ्यायचं, कारण पाळ खचली तर खालचं गाव धोक्यात येतं. मधोमध एखादा उंचवटा असेल आणि उन्हाळ्यातही त्याच्याभोवती पाणी राहत असेल तर तो राहू द्यायचा. नदी सुरय अशा बेटावर अंडी घालते, कारण तिथे कुत्री पोचत नाहीत. टिटवी आणि शेकाट्याही उन्हाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात, म्हणून मशीन उतरायच्या आदल्या दिवशी दोघांनी तो भाग पायी फिरून बघावा. निघालेला गाळ कुणाच्या शेतात गेला त्याची यादी ठेवा. यादी नसली की गाळाच्या नावाखाली मुरूम जातो.

सुशोभीकरणाबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो, कारण निधी आला की पहिली सूचना तीच येते. काठाला काँक्रीट, फरशी, रेलिंग, पाण्यात पुढे काढलेला फिरायचा रस्ता. जळगाव शहरात मेहरूणसारख्या तलावाला फिरायला येणारी माणसं असतात, त्यांना वाट लागते हे मान्य. गावतळ्याला त्याची गरज नाही. निधी खर्चच करायचा असेल तर मोजणी करून हद्दीचे दगड पुरा. दहा वर्षांनी त्याच खर्चाचा उपयोग झालेला दिसेल.

मासेमारीचा ठेका ही तुमच्या हातातली सगळ्यात चांगली संधी आहे. ठेका देणारी संस्था जिल्हा परिषद असो वा ग्रामपंचायत, करारात अटी घालता येतात. मुदत संपत आली असताना त्या घालणं सोपं असतं, मध्येच अशक्य. थाई मांगूर आणणार नाही, ही अट स्पष्ट शब्दांत हवी. त्याच्या पालनाला बंदी आहेच, तरी बीज येतं. एकदा सुटला तर तळ्यातले गावठी मासे उरत नाहीत. पहिल्या पुराला मासे चढणीला लागतात तेव्हा नाल्याच्या तोंडाशी आणि सांडव्याखाली जाळं लावायचं नाही. बारीक डोळ्यांची जाळी नको, बॅटरी किंवा औषध तर नाहीच. आणि एक अट भोई मंडळींच्या बाजूनं: ठेकेदाराला काठ नांगरता येणार नाही, गावातल्या भोयांना गळ आणि पागानं (हातानं फेकायच्या जाळ्यानं) घरापुरते मासे धरता येतील. या अटी लिहिताना त्यांनाच जवळ बसवा. कुठल्या डोहात मरळ पिल्लं घेऊन फिरते, कुठे वाम असते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तुमच्या नोंदवहीतलं माशांचं पान त्यांच्याकडून भरून घ्या.

गायरानाच्या बाबतीत महसूल संहितेचं कलम २२-अ आहे. गायरान दुसऱ्या कामाला वळवायला ते मनाई करतं, मात्र सार्वजनिक प्रकल्पासाठी, दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तर वाट ठेवतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले प्रकल्प याच वाटेनं येतात. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची मागणी खरी आहे, तिच्याविरुद्ध उभं राहून तुम्ही गाव जिंकणार नाही. पण तुमचं गायरान तळ्याचं पाणलोट आहे. ते सपाट करून कुंपण घातलं, नाले बुजवले, गवत मारायला औषध फवारलं, तर तळ्यात पाण्याऐवजी माती येईल. त्यामुळे ग्रामसभेत 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर ठराव संपवू नका. नकाशावर नाले आखून द्या, त्यांच्या दोन्ही बाजूला मोकळी पट्टी मागा, गुरांची पाण्याला जायची वाट मागा, तणनाशक नको असं लिहा. गावात दुसरी पडीक सरकारी जमीन असेल तर तिचा गट नंबर ठरावातच टाका. कायद्याची कसोटी तीच आहे, आणि तो नंबर कागदावर आला की उत्तर द्यावं लागतं.

नंदुरबारकडचे वाचत असतील त्यांच्यासाठी थोडं. अक्कलकुवा, धडगावसारख्या अनुसूचित क्षेत्रात पेसामुळे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन ग्रामसभेच्या हातात आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नंही ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार दिलाय. तिथे ग्रामसभेचा ठराव विनंतीअर्जासारखा लिहू नका, निर्णयासारखा लिहा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं गावाच्या नियमांवर जंगल उभं केलं, विहिरींना पाणी आणलं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारी आदेशाची वाट न बघता त्यांनी नियम आधी केले, आणि ते मोडणाऱ्याकडून दंड खरोखर घेतला.

आता रोजची नजर. सात माणसांची समिती वर्षातून दोनदा बसून तळं राखू शकत नाही, त्यासाठी एक माणूस फिरता लागतो. पांझरा नदीवरच्या फडपद्धतीत (बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी रीत) हे आपल्या पूर्वजांनी ओळखलं होतं. बंधाऱ्याच्या पाटावर पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला लाभ घेणारे शेतकरी मिळून देत. पंचमंडळी निर्णय घ्यायची, पण डोळे जागल्याचे. ठेक्याच्या रकमेतला काही भाग अशा राखणदाराच्या मानधनाला जावा, असा ठराव करून घ्या. तो भोयांपैकी किंवा गुराख्यांपैकी असावा, जो तसाही रोज तिकडे जातो.

समितीनं स्वतः वर्षातून दोन फेऱ्या ठरवून माराव्यात. एक दसऱ्याच्या सुमारास, सांडव्यावरून पाणी जाऊन तळं भरलेलं असताना. तेव्हा काठानं चालत पाणी कुठवर आलंय ते मोबाईलवर टिपून घ्या, तीच तुमची खरी रेषा. दुसरी मे महिन्यात, तळ कोरडा असताना. तेव्हा नवा बांध, नवा पाइप, नवी मोटर, नवं तोंड काढलेलं गटार, सगळं उघडं दिसतं. दोन्ही वेळा फोटो त्याच ठिकाणांवरून काढा: सांडवा, पाळीचं दोन्ही टोक, नाल्याचं तोंड आणि जिथे मुरूम पडतोय तो काठ. सांडव्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं फुटाच्या खुणा करून घ्या, म्हणजे पाणी किती उतरलं ते शाळेतली पोरंही लिहून ठेवतील. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं दिसतात. भराव कुठल्या वर्षी नव्हता हे सिद्ध करायला त्याहून सोपा पुरावा नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, जळगाव-धुळ्यातली पक्षीमित्र मंडळी बोलावलं की येतात. त्यांची यादी तारखेसह नोंदवहीला जोडा. पण यादी त्यांच्यावरच सोडू नका. गावातल्या बायका काठावरून कुठली भाजी खुडतात, कुठला कंद काढतात, कुठल्या गवताच्या पेंढ्या करतात, हे शहरातून आलेला पक्षीमित्र लिहिणार नाही. ते तुम्ही लिहा, तुमच्या बोलीतल्या नावांनी. लोकांचा तळ्यावरचा वापर नोंदला गेला की 'ही पडीक जागा आहे' असं म्हणता येत नाही.

क्रमाबद्दल शेवटचं. आजच मुरमाचे फोटो काढा, आणि तारखेसह, गट नंबरासह अर्ज तहसीलदारांना द्या. प्रत लघुपाटबंधारे विभागाला आणि ग्रामपंचायतीला, तिन्ही ठिकाणी पोचेचा शिक्का घ्या. अर्ज एकटीच्या सहीनं देऊ नका, समितीच्या ठरावासह द्या, आणि सहीला पाच-सहा भोई, गुराखी, खालच्या विहिरीवाले शेतकरी असू द्या. हे तुमच्या सुरक्षिततेसाठीही आहे, एकट्या बाईचं नाव पुढे आलं की दबाव तिच्या घरावर येतो. कागद माहिती अधिकारात मागायला लागा, ते यायला महिना जातो. येत्या ग्रामसभेत, शक्य असेल तर १ मेच्या, कारण तेव्हा तळ उघडा असतो आणि लोकांना तिथे नेऊन दाखवता येतं, चार वेगळे ठराव घ्या: हद्दीची मोजणी, गाळाच्या अटी, ठेक्याच्या अटी, गायरानातले नाले. एकाच ठरावात सगळं कोंबलं तर एका मुद्द्यावर भांडण होऊन चारही पडतात. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात ज्या विभागाची जमीन आहे त्याच्या नावानं जायला हवा, म्हणून ठरावात त्या विभागाला तशी मागणी करा.

आणि मुरमाची पहिली ट्रॉली ज्या दिवशी पडली ती तारीख वहीत ठळक लिहा. तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात काहीच हललं नाही तर पुण्यात हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ आहे. तिथे कलम १४ खाली जायला कारण घडल्यापासून सहा महिने मिळतात, आणि योग्य कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. मामलेदार न्यायालयाचीही मुदत सहा महिन्यांचीच आहे. अर्जाच्या उत्तराची वाट बघत बसलात तर दोन्ही मुदती एकदमच निघून जातील, त्यामुळे चौथा महिना उलटला की वकिलाकडे कागद घेऊन जा.